आरोपी हजर

सौंदर्या पट्टणशेट्टी त्या दिवशी तुमच्या कोर्टात आलीच नव्हती, आणि तुम्ही लिहिलंत की ती आली होती. तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता, आणि तुम्ही लिहिलंत की ती ‘कबूल’ म्हणाली. दोन्ही खोटं आहे आणि दोन्हीवर तुमचा गोल शिक्का आहे. तुमचं नाव मी घेत नाही. आपापल्या टेबलामागं बसून ज्यानं त्यानं ओळखावं.

आता झालं काय ते नीट ऐका. तेव्हा ऐकलं नाहीत, आता तरी ऐका.

सौंदर्या ही शाहूपुरीत गुळाची पेढी असलेल्या पट्टणशेट्ट्यांची पोरगी. मूळ घराणं संकेश्वराकडचं, त्यामुळं घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. बाप गेला तेव्हा मागं एक छोटा टेंपो ठेवून गेला. थोरले चुलते नागाप्पा, ज्यांना घरात सगळे दोड्डप्पा म्हणतात, ते टेंपो विकू म्हणाले. सौंदर्यानं किल्ली कमरेला खोचली, दुसऱ्या दिवशी गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरले आणि गगनबावड्याचा रस्ता धरला. तेव्हापासून कोकणात गूळ तीच पोचवते. कोल्हापुरी पोरींच्या वळणानं ‘मी आलो, मी गेलो’ बोलणारी, आणि घाटात एसटीवाल्यानं चुकीचं दाबलं तर काच खाली करून त्याच्या खानदानाची चौकशी करणारी.

पण तिच्या डोक्यात मोठी गाडी होती. अवजड वाहनाचा परवाना काढला, प्रवासी गाडीला लागणाऱ्या बिल्ल्याची परीक्षा दिली, आणि शहराबाहेरच्या एका शाळेत लहान मुलांच्या बसला बाई ड्रायव्हर पाहिजे असं कळल्यावर जाऊन उभी राहिली. शाळेच्या गाड्यांचं काम बघणाऱ्या उन्मेष सरांनी तिची ट्रायल घेतली. गंगावेशीच्या बाजारातनं तिनं बस अशी काढली की भाजीवाल्याची पाटीसुद्धा हलली नाही. सर खाली उतरून म्हणाले, जूनमध्ये शाळा उघडली की किल्ली तुमची. तेवढी पोलिसांची पडताळणी येऊ दे.

पडताळणी आली. तिच्यात एक ओळ होती : न्यायालयाकडून दोषी ठरल्याची नोंद आहे.

कशात दोषी, कुठल्या कोर्टात, काही नाही. उन्मेष सर माणूस वाईट नव्हता. पण मुलांची गाडी, वर संस्थेचे लोक बसलेले. त्यांनी स्पष्ट सांगितलं की शाळा उघडायच्या आत हे काय प्रकरण आहे ते कागदावर दाखवा, नाहीतर मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल.

सौंदर्याला एकच गोष्ट आठवली. मागं एका पावसाळ्यात गगनबावड्याच्या अलीकडं, ऐन वळणावर, टेंपोचा ॲक्सल तुटला होता. धुकं असं की स्वतःचं बॉनेट दिसेना. तिनं घाटातले सगळे ड्रायव्हर करतात तेच केलं. बाजूच्या झाडाच्या फांद्या मोडल्या आणि गाडीच्या मागं लांबपर्यंत रस्त्यावर टाकत गेली. मागनं येणाऱ्याला फांद्या दिसल्या की तो ओळखतो, पुढं गाडी बंद पडलेली आहे, वेग कमी करतो. त्या रस्त्याला ही भाषा सगळ्यांना येते. मोटरसायकलवरून आलेल्या हवालदाराला मात्र ती आली नाही. त्यानं लायसन बघितलं, नाव लिहून घेतलं आणि कागद येईल म्हणून निघून गेला. कागद काही आला नाही. ती विसरून गेली.

आता सगळे सांगायला लागले, अगं कोर्टाची साइट असते, मोबाइलवर नाव टाक, केस दिसते. सांगणाऱ्यांनी एकदा स्वतः टाकून बघावं. ती साइट पहिल्यांदा विचारते, कुठलं कोर्ट? अहो, तेच विचारायला तर माणूस आलेला असतो. सौंदर्यानं कोल्हापूर शहराचं कोर्ट निवडलं, नाव टाकलं, वर्षं बदलून बघितली. नोंद आढळली नाही. तिला दोन दिवस बरं वाटलं. मग टेंपोच्या अड्ड्यावर एका जुन्या ड्रायव्हरनं तिला वेड्यात काढलं. वाहतुकीची केस तू राहतीस तिथं लागत न्हाई, गाडीचं चाक जिथं हुतं तिथं लागती, असं तो म्हणाला. हे एवढं एक वाक्य त्या साइटवर मराठीत लिहायला कुणाचे हात दुखतात?

पेढीवर तिनं दोड्डप्पांना सांगितलं की घाटाकडं जाऊन चौकशी करतो. ते वजनकाट्याकडं बघत राहिले. म्हणाले, कोर्टाच्या नादाला लागू नको, बसचं खूळ सोड, पेढीवर बस. नेहमी तिच्याशी बोलताना आवाज चढवणारा माणूस त्या दिवशी हळू बोलला. तिला वाटलं, वय झालं.

घाटाकडच्या पोलीस ठाण्यात केसचा नंबर मिळाला. तिथल्या माणसानं बिचाऱ्यानं जुनी वही काढून शोधून दिला, आणि तालुक्याचं कोर्ट कुठं आहे तेही सांगितलं. त्या कोर्टाच्या खिडकीवर मात्र आतला माणूस मान वर न करता म्हणाला, ऑनलाइन बघा.

“पावणं, ऑनलाइन बघूनच आलोय,” सौंदर्या म्हणाली. “आता तुमी बघा. नंबर हा हाय.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. माणसानं नंबर टाकला, स्क्रीन तिच्याकडं फिरवली. केस होती. कलम दोनशे त्र्याऐंशी, सार्वजनिक रस्त्यात अडथळा आणि धोका. पुढं एकच शब्द : निकाली.

निकाली. तिनं फोटो काढून घरी पाठवला. तिची आई बसम्मा, जिला ती अव्वा म्हणते, तिनं त्या दुपारी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली. निकाल लागला म्हणजे मिटलं, असं घरात सगळ्यांनी ठरवलं. दोड्डप्पांनी दोन वाट्या हुग्गी खाल्ली आणि कितीतरी दिवसांनी आवाज चढवून बोलले.

दुसऱ्या दिवशी उन्मेष सरांनी फोटो बघितला आणि मोबाइल परत दिला. केस बंद झाली हे यात दिसतंय, म्हणाले. कशी बंद झाली ते दिसत नाही. तुम्ही सुटलात, की शिक्षा होऊन संपली?

ती बाहेर येऊन टेंपोत बसली आणि पहिल्यांदा तिला भीती वाटली. कुठंतरी, आपल्या पाठीमागं, आपल्याबद्दल काहीतरी ठरलंय आणि ते आपल्याला सोडून सगळ्यांना माहीत आहे, अशी भीती. ती कशी असते ते खिडकीच्या आत बसणाऱ्याला कधी कळायचं नाही.

बाईमाणसाला सरकारकडून वकील फुकट मिळतो असं तिनं ऐकलं होतं. कोल्हापुरातच असलेल्या जिल्ह्याच्या मोठ्या कोर्टात ती गेली, अर्ज केला, आणि तिच्या वाट्याला अदिती सरनाईक नावाच्या वकीलबाई आल्या. बोलायला फटकळ, पण समजावून सांगायचा कंटाळा नाही. त्यांनी सांगितलं की स्क्रीनवरच्या एका शब्दावर जेवण घालायचं नसतं. कोर्टात रोज काय झालं, कोण आलं, कोण बोललं, हे त्या त्या दिवशी लिहितात, त्याला रोजनामा म्हणतात. निकाल मागून वाचायचा, आधी रोजनामा वाचायचा. तुमच्या केसच्या सगळ्या कागदांची नक्कल काढा, शिक्क्याची, झेरॉक्स नको.

नक्कल काढायला अर्ज. अर्जाला कोर्ट-फीचं तिकीट. तिकीट लावलं तर फाइल रेकॉर्डला गेलेली. रेकॉर्ड म्हणजे मागची खोली, तिथं कापडात बांधलेले बस्ते छतापर्यंत. तिथला माणूस रजेवर. तो आला तर लाइट गेलेली. सौंदर्या कोकणातली खेप टाकून परतताना दर वेळी त्या कोर्टापुढं टेंपो लावायची. शेवटी शेवटी तिथला शिपाई तिला बघितलं की आतल्याला ओरडून सांगायचा, गूळवाली आली, द्या की तिचं. आणि एका दुपारी दिलं.

तिनं पाकीट फोडलं नाही. तसंच अदितीबाईंच्या टेबलावर ठेवलं.

पहिला कागद पंचनाम्याचा. अदितीबाईंनी मोठ्यानं वाचला. ‘आरोपीने वाहनाच्या मागे रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकून रहदारीस अडथळा केला.’ वाचल्या आणि त्यांना हसू आवरेना. म्हणाल्या, या माणसानं तुमचा बचाव स्वतःच्या हातानं लिहून ठेवलाय. मागच्याला सावध करायला टाकलेल्या फांद्या यांनी गुन्ह्यात धरल्या. हा कागद कुणी न्यायाधीशानं नीट वाचला असता तर केस तिथंच संपली असती.

मग रोजनामा. लोकअदालतीच्या आधी छोट्या केसेस झटपट मिटवायची मोहीम काढतात, त्या मोहिमेतलं ते पान होतं. त्यावर हातानं फक्त तारीख आणि केसचा नंबर लिहिलेला. बाकी सगळा रबरी शिक्का : आरोपी हजर. गुन्हा कबूल. दंड भरला.

त्याखाली आरोपीची सही. सही कानडीत होती.

अदितीबाईंनी विचारलं, तुम्ही कन्नडमध्ये सही करता? सौंदर्यानं कागद जवळ ओढला. तिला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. पण ते वळण तिला वाचायची गरज नव्हती. लहानपणापासून गुळाच्या प्रत्येक चिठ्ठीवर तिनं ते बघितलेलं.

पट्टणशेट्ट्यांच्या घरात सही एकाच हाताची असते. बँकेची स्लिप, बाजार समितीची पावती, पोरांच्या शाळेचं प्रगतिपुस्तक, कुणाचंही काही असो, थोरला सही करणार. नाव ज्याचं त्याचं, हात नागाप्पांचा. पन्नास वर्षं पेढी अशीच चाललेली. त्यात लबाडी आहे असं कुणाच्या मनात आलं नव्हतं, कारण त्यातनं कुणाचं वाईट झालं नव्हतं.

ती पेढीवर गेली तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. तिनं कागद काट्यावर ठेवला.

“दोड्डप्पा, ही सही कुणाची?”

त्यांनी चष्मा लावला, काढला.

“माझीच की.”

“मग नाव माझं का?”

ते धोतराचा सोगा चाचपायला लागले. मग एकेक बोलले. समन्स पेढीवर आलतं. त्यांनी तारीख बघितली. तो नेमका तिच्या मोठ्या गाडीच्या परीक्षेचा दिवस होता. ती पोरगी महिनोन्‌महिने त्या परीक्षेसाठी तालमीतल्या पोरासारखी राबत होती, पहाटे उठून उजळाईवाडीच्या माळावर भाड्याचा ट्रक मागं-पुढं करत होती. कोर्ट म्हटलं की परीक्षा बुडणार. शिवाय बाईमाणसानं कोर्टाची पायरी चढायची, हे त्यांच्या जिवाला लागलं. म्हणून त्यांनी कोर्टाच्या आवारात फिरणारा ज्ञानू नावाचा दलाल गाठला. ज्ञानू म्हणाला, आणा इकडं, मोहीम चालू हाय, सगळीच मिटवाय लागल्यात, सही करा, मोकळं व्हा. त्यांनी सही केली, दंडाचे पैसे ज्ञानूच्या हातात दिले आणि गूळ भरलेल्या ट्रकातनं परत आले. न्यायाधीशाचं तोंड त्यांनी बघितलं नाही. न्यायाधीशानं त्यांचंही बघितलं नाही.

“तुमी काय कबूल केलासा, वाचलासा का?” सौंदर्यानं विचारलं.

“ज्ञानू म्हणला, समदी कबूलच म्हणत्यात.”

“मी चुकलो नव्हतो, दोड्डप्पा. मी फांद्या टाकल्या हुत्या.” तिनं कागदावर बोट ठेवलं. “एक डाव मला इचारायचं हुतं की.”

“तुझा बाप असता तर त्यानंबी हेच केलं असतं.”

“न्हाई. आप्पांनी मला संगट नेलं असतं. आणि फाटकाभाईर बिडी वढत थांबलं असतं.”

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. तिनं कागद उचलला.

अदितीबाईंनी तिला खोटा धीर दिला नाही. जिल्ह्याच्या कोर्टात वर अर्ज करता येईल, म्हणाल्या. तुम्ही हजर नव्हता, कबूल म्हणाला नव्हता, हे सिद्ध करू. पण त्यासाठी सही कुणी केली ते सांगावं लागेल, आणि दुसऱ्याच्या नावानं कोर्टात सही करणं हा गुन्हा आहे. न्यायाधीश समजून घेतील असं मला वाटतं. वाटतं म्हणजे खात्री नाही.

सौंदर्या घरी आली आणि अव्वाला म्हणाली, बस गेली असं समज. सत्तरीच्या माणसाला मी पिंजऱ्यात उभा करणार न्हाई. गूळ वाहत हुतो, गूळ वाहीन.  सकाळी अव्वा जावेच्या घरी, दोड्डप्पांकडं, जाऊन सगळं सांगून आली.

सौंदर्या टेंपो काढत होती तेव्हा नागाप्पा आले. कपाळावर विभूती, डोक्यावर धुतलेली टोपी, हातात पिशवी. ती टेंपो चालवायला लागल्यापासून ते त्यात एकदाही बसले नव्हते. दार उघडून बसले.

“कुठं?” तिनं विचारलं.

“मोठ्या कोर्टात. तुझ्या वकीलबाईकडं.”

“दोड्डप्पा, आत घालतील.”

“घालू देत. गूळ तरी उचलाय लागणार न्हाई.” मग पुढच्या काचेतनं बघत म्हणाले, “माझ्या सहीनं तुझं नाव खराब झालंय, पोरी. पेढीवरचा माल खराब निघाला तर मी परत घेतो का न्हाई?”

तिनं गाडी सुरू केली. दसरा चौकात ते म्हणाले की तू ब्रेक लई उशिरा मारतीस. तिला एकदम हसू आलं आणि डोळे पुसावे लागले.

प्रतिज्ञापत्र लिहून झालं. सही कुठं, असं विचारून नागाप्पांनी पहिल्यांदा त्या प्रकरणात स्वतःचं नाव लिहिलं, कानडीत. अदितीबाईंनी सौंदर्याला विचारलं की त्या दिवशी तुम्ही परीक्षेला होता याचा काही पुरावा? तिनं आरटीओतनं कागद आणला. त्याच तारखेला, त्याच वेळेला, उमेदवार हजर, उत्तीर्ण. एकाच सरकारची दोन ऑफिसं, एक बाई, आणि ती एकाच वेळी घाटाकडच्या कोर्टात आरोपी म्हणून हजर, कोल्हापुरात उमेदवार म्हणून हजर. अदितीबाईंनी दोन्ही कागद शेजारीशेजारी टाचले आणि खाली काही लिहिलंच नाही. लिहायची गरज नव्हती.

सुनावणीच्या दिवशी दोघं एकाच बाकावर बसले होते. पुकारा झाला. जिल्ह्याच्या न्यायाधीशांनी रोजनामा वाचला, आरटीओचा कागद वाचला, मग नागाप्पांना पुढं बोलावलं. म्हातारा हात जोडून उभा राहिला आणि सरळ म्हणाला की सही माझी, पोरीला ह्यातलं काय म्हाईत नव्हतं, आमच्यात थोरल्यानंच सही करायची पद्धत हाय. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. घरात चालतं ते इथं चालत नाही, पुन्हा असं करू नका, असं त्यांनी खडसावलं, आणि कारवाईचं नाव काढलं नाही. नागाप्पा परत येऊन बसले. सौंदर्यानं त्यांची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

मग न्यायाधीशांनी सांगितलं की दोषी ठरवल्याच्या आदेशाला आजपासून स्थगिती. खालच्या कोर्टानं पुढच्या तारखेपर्यंत अहवाल द्यावा. प्रतिज्ञापत्रात नाव आलेल्या ज्ञानूचीही चौकशी व्हावी. आणि तिला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे?

अदितीबाईंनी डोळ्यांनीच नको म्हणून खुणावलं. सौंदर्या उभी राहिली.

“साहेब, दोड्डप्पांनी सही केली, त्यांनी सांगितलं. ज्ञानूनं नेऊन दिली, त्याला तुमी इचारणार. पण सही नुसती टेबलावर आली हुती, बाई आली नव्हती. पुढं कोण उभं न्हाई आणि शिक्का मारला, आरोपी हजर. मारणाऱ्यानं एक डाव मान वर करून बघितलं का न्हाई, एवढंच मला कळाय पायजे.”

 न्यायाधीशांनी टायपिस्टकडं बघितलं आणि म्हणाले, जसंच्या तसं लिहून घ्या.

स्थगितीचा कागद उन्मेष सरांनी संस्थेपुढं ठेवला. संस्थेनं बरीच चर्चा केली, शेवटच्या निकालाची प्रत आणून द्यायची अट घातली, आणि जूनमध्ये शाळा उघडली त्या सोमवारी सौंदर्यानं बस काढली. पहिल्या थांब्यावरच्या बारक्या पोरीनं विचारलं, तुम्ही ड्रायव्हरकाका आहात का? व्हय, म्हणाली, चढ. शाहूपुरीत पेढीपुढनं जाताना हॉर्न वाजवला. नागाप्पा बाहेर येऊन उभे राहिले आणि ब्रेक लवकर मार म्हणून हातानं दाखवत राहिले.

तिचं तसं बरं चाललंय. पण तुमचं काय?

तिनं विचारलेलं आता जिल्ह्याच्या कोर्टाच्या रोजनाम्यात आहे. अहवाल तुम्ही द्यायचाय, तेव्हा तुम्हालाच तो वाचावा लागेल. त्या मोहिमेच्या बस्त्यात तिच्या पानाच्या वर-खाली आणखी पानं आहेत, सगळ्यांवर तोच शिक्का. त्यातली किती माणसं खरोखर तुमच्यापुढं उभी होती, हे तुम्हाला तरी माहीत आहे का? कुणाची नोकरी अडली असेल, कुणाचं लायसन, आणि त्यांना अजून पत्ताही नसेल की आपण कधी काय कबूल केलं.

तारीख पडलेली आहे. या वेळी तुम्ही हजर राहा, आणि सांगा : मान वर केली होती का?